तळ्यावर चल, तिथं सांगते

बाई, उद्या तुमचा दहावा, आणि मला अजून वाटतंय की तुमच्या तोंडातलं पान संपायचं आहे. ते संपलं की तुम्ही पिंक टाकणार, पदराने तोंड पुसणार आणि म्हणणार, "हां, आता बोल." घरात माणसं मावत नाहीत. तुमच्या माहेरचे आलेत, शेजारून भाकरी येतायत, आणि मी मागच्या अंगणात, आपण जाळी वाळत घालतो तिथे, हे लिहीत बसलेय. तुम्हाला वाचता येत होतं, पण वाचायचा भारी कंटाळा. आपल्या बायकांच्या गटाचा कुठलाही कागद आला की माझ्यापुढे टाकायच्या आणि म्हणायच्या, "वाच, आन् मदी तुझं काय घुसडू नकू." आज सगळं माझंच घुसडणार आहे. अडवा.

येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं? मी सांगते, बसल्या बसल्या. ते मान हलवतात आणि परत विचारतात, आजारी होत्या का? तुम्ही डोकेदुखीची गोळी घेतलेली मी पाहिली नाही कधी. त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडलात, चहा प्यालात, पानाची चंची कमरेला खोचलीत आणि तळ्याकडे चालायला लागलात. असं माणूस जातं का कुठे? मला रडू कमी आणि राग जास्त येतोय, बाई. दोन जावांचं भांडण अर्ध्यावर टाकून उठायचं, ही कुठली रीत? आणि वर जाताना म्हणालात काय, तर "तळ्यावर चल, तिथं सांगते." तळ्यावर आले मी. तुम्ही सांगितलंच नाही.

भांडण झिंग्यावरून होतं. ते तुम्हाला सांगायला नको, पण ते आधीपासून सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मासळीला हात लावायची मला किळस होती. माहेर पिंगळीचं, जातीने आपण भोईच, पण आमच्या वडिलांनी जाळं कधीच सोडून दिलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढे विळी आणि टोपलीभर मरळ ठेवलीत. मरळ अजून वळवळत होती. मी विळीकडे बघतेय, तुम्ही माझ्याकडे. "काय गं, तुमच्या पिंगळीला मासळी सोलून, धुऊन रेल्वेनं येती का?" सगळ्या बायका हसल्या. मी रडले, आणि रडत रडत कापली. मासा वाकडातिकडा कापला गेला. तोच तुम्ही रात्री स्वतःच्या ताटात घेतलात, हे मात्र मी पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात चुलत सासऱ्यांनी, अण्णांनी, सुचवलं की दोघींच्या चुली वेगळ्या करा. तुम्ही चटणी वाटत होतात. मान वर न करता म्हणालात, "आमच्या गंगाकाठी म्हणतेत अण्णा, एका माठात दोन झिंगे नांदत न्हाईत. दोन दिवस बगते. न्हाई जमलं तर घालू येगळी चूल." अण्णा गेल्यावर मी विचारलं, का नांदत नाहीत? तर तुम्ही सांगितलंत, की झिंगा वाढतो तसं त्याचं कवच त्याला पुरत नाही. मग तो कात टाकतो. "कात टाकली की लोन्यावानी मऊ. नवं कवच टणक होईस्तवर त्याला ना पळता येतंय ना नांगी मारता येती. त्या टायमाला दुसरा त्याला खातो. सख्खा भाऊ आसला तरी." तुमचे वडील गोदावरीत झिंगा धरायचे. तुम्ही लहानपणी ते माठात ठेवून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी माठात एकच उरला होता, आणि तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात.

तुमचे ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. चूल एकच आहे.

माझी पहिली खेप वाया गेली तेव्हाचं मी कुणाजवळ बोलत नाही. गावातल्या बायका समाचाराला यायच्या, आणि समाचाराच्या नावाखाली काय काय बोलायच्या. तुम्ही तुमची पाटी उचलून आपल्या दारात आणलीत आणि उंबऱ्यावर बसून मासळी विकायला लागलात. बाजार सोडलात. येईल तिला म्हणायच्या, "मासळी घ्यायची तर घे, आत जायाचं न्हाई." अण्णा म्हणाले, घरात मासळीचा वास सुटलाय. तुम्ही म्हणालात, "वास चालतंय. बाकीचं चालत न्हाई." मी आत गोधडीत पडून सगळं ऐकत होते. मी उठून भाकरी थापायला लागले त्या दिवशी तुम्ही परत मानवतच्या बाजारात जाऊन बसलात. त्यावर आपण एक अक्षर कधी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. पण तुमच्याशी गोड बोलायचं म्हणजे तुम्ही लगेच, "ताप आलाय का तुला?"

बायकांच्या गटाला तळं मिळालं तेव्हा त्यात होतं तरी काय? कुणी न विचारणारी चिलापी मासळी आणि चिखल. त्याआधी पुरुषमंडळी बारमाही मच्छरदाणीचं जाळं ओढत होती. त्या जाळ्यातून पाणी कसंबसं निघायचं, मासा कुठला निघतोय? बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नव्हतं. मोठी व्हायला मासळी ठेवायची कुणासाठी? आज मी नाही धरली तर उद्या शेजारचा धरणार, असाच सगळ्यांचा हिशेब. रोहू, कटला ही नावंच उरली होती. जुनी माणसं कटल्याच्या गोष्टी सांगायची, जशा वाघाच्या सांगतात तशा.

आणि मग ती होळी. तुम्ही माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे तुमच्या मालकांचं, दादांचं, बारीक डोळ्याचं जाळं डोक्यावर घेऊन निघालात. मला वाटलं, धुवायला निघाल्या. तुम्ही सरळ होळीकडे गेलात, नैवेद्याची पोळी टाकावी तसं जाळं आत टाकलंत आणि बोंब मारलीत. नायलॉन जळाल्याचा असा काही वास सुटला की पोरं नाकं धरून पळाली. अण्णा ओरडले, "आरे, बाई हाय का कोन हाय ही! लक्षुमी जाळली!" तुम्ही म्हणालात, "लक्षुमी न्हाई अण्णा, आवदसा जाळली." दादा कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताटाकडे बघायचे, तुमच्याकडे नाही. मग मोठ्या डोळ्याची जाळी आली. बाकीच्यांची बारीक जाळी पुढच्या होळ्यांत गेली, कुणाची राजीखुशीने, कुणाची तुमच्या तोंडाला घाबरून. आणि जेव्हा पहिला मोठा कटला जाळ्यात आला तेव्हा दादांनी तो तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि म्हणाले, "आलास का बाबा?" त्या दिवसापासून तुमच्याशी परत बोलायला लागले.

मानवतच्या बाजारातले एक गुरुजी आठवतात का? आषाढात यायचे आणि अंड्यांची मासळी मागायचे. त्यांना अंडी तळून फार आवडायची. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, ती पोटुशी हाय. आमी पोटुशीला पान्यातून काडत न्हाई." गुरुजी हसले, म्हणाले, बाजारात बाकी सगळे विकतात. "मंग त्यांच्याकडून घ्या. आन् पोरांला शाळंत काय शिकिवता ते बी त्यांनाच सांगा." गुरुजी तणतणत गेले. मी तुम्हाला म्हटलं, गिऱ्हाईक घालवलंत. तुम्ही म्हणालात, परत येतील. श्रावण संपला आणि आले की! तुमच्याशी न बोलता माझ्याकडून रोहू घेऊन गेले. तुम्ही तोंड फिरवून हसत होतात.

आता झिंगा.

गेल्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर बघितलं. गोड्या पाण्यात झिंगा वाढवतात, तळ्यात, शेततळ्यात, आपल्यासारखीच माणसं. कात टाकलेल्याला लपायला जागा पाहिजे, एवढंच. पाईपचे तुकडे, खापरं, झाडाच्या फांद्या, काहीही चालतं. मी तुम्हाला ते दाखवलं. तुम्ही मोबाइल लांब धरून बघितलात आणि सगळ्या गटासमोर म्हणालात, "बगा गं, सरकार मान्साला घरकुल देईना, ही झिंग्याला द्यायलीय!" बायका लोळायच्या बाकी राहिल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, तुमच्या गंगेतला झिंगा संपला, तो कुणी भावाने भावाला खाल्ला म्हणून संपला का? माणसांनी बारीक जाळी लावून संपवला, नदी उकरून संपवला. दोष मात्र झिंग्याला. तुम्ही मोबाइल माझ्या हातात परत दिलात. मग म्हणालात, "भावाला खानारी जात मी माज्या तळ्यात घेनार न्हाई." विषय बंद.

विषय बंद कसला? मी रोज काढत होते. भाकरी थापताना, बाजारात, एसटीत. तुम्ही रोज "न्हाई" म्हणत होतात. आणि त्याच दिवसांत तुम्हाला भलतंच खूळ लागलं. उन्हाळा सरला की घरोघरी गळके, चिरा गेलेले माठ बाहेर निघतात. तुम्ही ते मागून आणायला लागलात. दारोदार. अंगणाचा कोपरा माठांनी भरला. मी विचारलं, कुंभारवाडा टाकायचाय का? तुम्ही म्हणालात, कोंबड्यांला अंडी घालायला. आपल्याकडे कोंबड्या किती आहेत ते गावाला माहीत आहे. मग एके दिवशी कोपरा रिकामा दिसला. मी विचारलं, तर म्हणालात, "फुटले." मी म्हटलं, फुटकेच होते. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी आत निघून गेले.

तळ्यात बीज सोडायच्या आधी आपण काठाला जाळीचा वाडा करतो. जिऱ्याएवढी पिल्लं एकदम मोकळ्या पाण्यात सोडली तर मरळ त्यांचा नाश्ता करते. म्हणून बोटाएवढी होईपर्यंत वाड्यात ठेवायची, मग मोकळी करायची. यंदा तुम्ही दादांना सांगून बाभळीखाली अजून एक छोटा वाडा करून घेतलात. हा कशाला, मी विचारलं. "आजारी मासळीचा दवाखाना." लता तेवढी हसली. लता आपल्या गटात सगळ्यांत मागून आलेली, बौद्धवस्तीतली. भोयांच्या गटात तिला घेऊ नका म्हणून कुरकुर झाली होती, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मासळी काय जात विचारून जाळ्यात येती का? ती हसली म्हणजे तिला काही माहीत असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

त्या दिवशी सकाळी अफसरभाई बीजाची गाडी घेऊन येणार होते. मी चहा गाळता गाळता परत काढलं. म्हटलं, यंदाही रोहू आणि कटलाच ना? माझं तुम्हाला कधी पटणारच नाही का? तळं काय तुमच्या एकटीचं आहे? आवाज माझा चढला होता. तुमचा चढला नाही. तुम्ही बशीतला चहा फुंकून प्यालात, चंची खोचलीत आणि म्हणालात, "किती बोलतीस गं, धाकटे. तळ्यावर चल, तिथं सांगते."

मी मागून आले, फुरंगटून, जरा अंतर ठेवूनच.

अफसरभाईंनी पिशव्या उतरवल्या. थोडं पाणी, वर हवा, आत पिल्लं आणि तोंडाला रबर. तुमचा नियम सगळ्यांना पाठ. पिशवी आणली की फोडायची नाही. बंद पिशवी तळ्यात तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि तळ्याचं पाणी एकसारखं व्हायला वेळ द्यायचा. "सासरचं पानी एकदम डोक्यावर वतलं तर पोरगी गारठती," असं तुम्ही म्हणायच्या. मग तुम्ही पान लावायच्या. पान चघळून संपेपर्यंत पिशव्या तरंगणार, आणि तुम्ही "सोडा" म्हटल्याशिवाय कुणी रबराला हात लावायचा नाही. मागे एकदा एकीने घाई केली तर तुम्ही तिला सगळ्यांसमोर सोललं होतंत.

तुम्ही पान लावलंत. बाभळीला टेकून बसलात. आम्ही सगळ्या पाण्याच्या कडेला, साड्या खोचून, तुमच्याकडे बघत उभ्या. एक गाल फुगलेला, नजर तळ्यावर. वाराही बरा होता. बायका गप्पा मारत होत्या. कुणीतरी म्हणालं, आज पान मोठं दिसतंय. मी मनात म्हटलं, मुद्दाम करतायत. मला ताटकळत ठेवायलाच. ठेवा, म्हटलं, मीही विचारणार नाही.

ऊन चढलं. अफसरभाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. कुणी "बाई" म्हणून हाक मारली नाही. तुमच्या पानात कुणी बोललेलं तुम्हाला चालत नव्हतं. बाई, आम्ही सगळ्या तुमचं पान संपायची वाट बघत होतो. तुमच्या शिस्तीतल्या, तुम्ही घडवलेल्या इतक्या बायका, आणि एकीचीही हिंमत झाली नाही. शेवटी लताच वर गेली. तुमच्या खांद्यावर एक हात ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि माझ्याकडे बघितलं. पान गालातच होतं. तुम्ही तळ्याकडेच बघत होतात.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अफसरभाईंच्या गाडीत तुम्हाला घातलं. तुमचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी तुम्हाला शिव्या देतेय, उठा म्हणून. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे क्षणात झालंय, आम्ही तुम्हाला तेव्हाच आणलं असतं तरी हाताला काही लागलं नसतं. मी म्हटलं, पण पान संपलं नव्हतं हो. माझं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असेल. अजूनही थोडं फिरलेलंच आहे.

तुम्हाला घरी आणलं. तुमची लेक यायची होती म्हणून थांबायचं ठरलं. बायका तुमच्याभोवती बसल्या, रडणं सुरू झालं. कुणीतरी आठवण काढून रडलं, की बाई आता तळ्यावर कोण "सोडा" म्हणणार. आणि मी ताडकन उठले.

पिशव्या तशाच होत्या. सकाळपासून, उन्हात, तोंडं बांधलेल्या.

मी दाराकडे निघाले तर अण्णा आडवे आले. "कुटं निगालीस?"

"तळ्यावर. बीज तसंच ऱ्हायलंय."

"सुतक हाय. सुतकात भोयानं पान्यात हात घालायचा न्हाई. जाळं न्हाई, पाटी न्हाई, काहीच न्हाई. तुला म्हाईत न्हाई का? बाई आत पडलीय आन् तू बीज सोडायला जातीस?"

आत पडलीय म्हणाले. मला खरंच वाटलं तुम्ही आतून ओरडाल. लता उठली आणि म्हणाली, "अण्णा, आमच्यात सुतक न्हाई. मी जाते. तुमच्या सुनंला न्हाई पान्यात उतरू देत." चांगली तोड काढली होती तिने. पण मला राहवेना. मी म्हटलं, "पिशव्या बाईंनी पान्यात ठेवल्यात. त्यांचं काम अर्धं ऱ्हायलंय. मी फक्त तोंडं सोडनार हाय. पाप लागलं तर मला लागंल." दादा तुमच्या पायाशी बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "जाऊ द्या तिला, अण्णा. बाभळीखालचं आधी बघ, सुमन." मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतायत.

तळ्यावर पोचलो तर मोठ्या वाड्यातल्या काही पिशव्या पांढऱ्या पडल्या होत्या. उलटी पोटं. बाकीच्यांत हालचाल होती. मागून गटातल्या बायकाही आल्या, सुतकातल्या, बिनसुतकातल्या, सगळ्या. मी दादांचं ऐकून आधी बाभळीखाली उतरले. तिथे सावली होती. पाण्यात पाऊल टाकलं तर पायाला चिखल नाही लागला. काहीतरी गोल, खरबरीत लागलं. दुसरं पाऊल टाकलं तर तिथेही तेच. मी वाकून हात घातला.

माठ होता, बाई. फुटका. त्याच्या शेजारी दुसरा, आणि त्याच्या पुढे आणखी. तुम्ही ओळीने लावलेले, तोंडं काठाकडे करून. तो सगळा छोटा वाडा तळापासून माठांनी भरलेला होता.

लता पाण्याबाहेर उभी राहून रडत होती. म्हणाली, "मला शपथ घातली व्हती. म्हनल्या, आमच्या धाकटीला सांगू नकू. तिला तळ्यावरच दावते. तिचं तोंड कसं व्हतंय ते मला बगायचंय."

त्या वाड्यातल्या पिशव्यांची तोंडं रबराने नाही, तुमच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधली होती. मी एक उन्हाकडे धरली. आत जाळीचा तुकडा होता, आणि त्याला धरून काचेसारखे, डोळे तेवढे काळे असलेले, केसाएवढ्या मिशा हलवणारे जीव. अफसरभाईंनी ते आंध्रातून आणले होते. सकाळी त्यांनीच त्या पिशव्या सावलीत ठेवल्या होत्या, तुमच्या सांगण्यावरून.

मी तुम्हाला काय काय बोलले होते त्या सकाळी. आणि तुम्ही चहा फुंकत बसला होतात. बाई, ही काय थट्टा झाली का? एवढी मोठी गोष्ट करायची आणि सांगायच्या आधी पान खायचं?

आम्ही सगळ्या पाण्यात उभ्या राहिलो. जिवंत असलेल्या पिशव्यांच्या गाठी सुटल्या, तोंडं हातात धरलेली. आणि कुणी सोडेना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पहिल्यांदा मला कळेना, का बघतायत. मग कळलं. तो शब्द तुमचा होता, मी तो कधी उच्चारलाही नव्हता. पिशवीतलं पाणी माझ्या हातात गरम लागत होतं. मी बाभळीकडे बघितलं, जिथे तुम्ही टेकला होतात. तिथे तुमची चंची तशीच पडली होती.

"सोडा," मी म्हटलं. आवाज फाटला. पण सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर तुमचं सगळं रीतीने झालं. लेक आली, तिने तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. अण्णा माझ्याशी अजून बोलत नाहीत, ते तुम्ही समजून घ्या. दादा मोठ्या डोळ्याचं जाळं मांडीवर घेऊन बसलेले असतात, फाटलेलं नसतं तरी विणतात. उद्या घाटावर पिंडाला कावळा शिवतो की नाही, याची सगळ्यांना काळजी लागलीय. बाईंची इच्छा काय राहिली असेल, म्हणून जो तो मला विचारतो. मी सांगत नाही. मला वाटतं मला ती माहीत आहे, पण आज सकाळपर्यंत माझीच खात्री नव्हती. मनात येत होतं, तुम्ही माझ्या हट्टापायी आयुष्यभराचा शब्द मोडलात, आणि आता ते त्या माठांत एकमेकांना खात असतील. तुमचंच खरं होणार आणि सांगायला तुम्ही नसणार.

म्हणून आज उजाडता मी आणि लता तळ्यावर गेलो. अण्णांनी बघितलं, आडवे आले नाहीत. मी छोट्या वाड्यात उतरले, एक माठ दोन्ही हातांनी पाण्यासकट अलगद वर घेतला आणि आत बघितलं. तळाशी कात पडली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पारदर्शक, मिशांसकट अख्खी. म्हटलं, संपलं, खाल्ला.

लताने बोट केलं. माठाच्या चिरेला, सावलीच्या बाजूला, एक बसला होता. फिकट, मऊ, जेमतेम हलणारा. आणि त्याला चिकटून दुसरा. धडधाकट होता तो. त्याला खाता आलं असतं. तो माठाच्या तोंडाकडे मिशा करून बसला होता, उंबऱ्यावर बसावं तसा. आम्ही बघत राहिलो, माझे हात भरून येईपर्यंत. त्याने काही केलं नाही.

मी माठ होता तसा खाली ठेवला, तोंड काठाकडे करून. मग वर येऊन बाभळीखाली बसले. तुमच्या चंचीतली पानं वाळून गेलीत, पण चुना आणि सुपारी तशीच आहे.

एका माठात दोन, बाई. मी बघून आले. हां, आता बोला.